कारवानी पिल्लू आणलंय. पळवायचं कसं आणि आवरायचं कसं?

माणदेशी_वाडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. शुद्धलेखनाकडे काणाडोळा करावा.

आम्ही आटपाडी तालुक्यातले. घरी मेंढरं आहेत. दिवाळी झाली की थोरला भाऊ वाडा (मेंढरांचा कळप आणि बिऱ्हाड) घेऊन बागायती पट्ट्यात उतरतो, मी घरची शेती आणि मागं राहिलेली शेरडं बघतो. वाड्यावर गावठी कुत्री आहेत, ती आपलं काम चोख करतात. आता मावसभावानं हौसेनं कारवानीचं (पळणारी देशी शिकारी जात, मुधोळही म्हणतात) पिल्लू आणून दिलंय. मादी, फिकट बदामी, तीन महिन्यांची. नाव हरणी. सध्या नुसते पाय आणि नाक, मधलं कुत्रं अजून यायचंय.

गावात जो भेटतो तो एकच सांगतो: सहा महिन्यांची झाली की सशावर सोड, रक्ताची चव लागल्याशिवाय कारवानी तयार होत नाही. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही ठाऊक नाही. आत्तापासूनच करडं उड्या मारायला लागली की हिची मान ताठ होते आणि ती सुटते. चावत नाही अजून, पण पळवते. बांधून ठेवली तर रात्रभर रडते. कुणी पाळली असेल तर सांगा. पळणाऱ्या कुत्र्याला पळू तर द्यायचं, पण नको तिथं पळू द्यायचं नाही, हे जमवायचं कसं?

आबा_सांगोलेकर

भले शाब्बास. कारवानी घरात आली म्हणजे दाराला शोभा आली. वय झालं तरी आमच्याकडं अजून एक आहे.

आधी पिल्लू बघून घे. छाती खोल पाहिजे, कोपरापर्यंत उतरलेली. पोट आत ओढलेलं. मोठी झाल्यावर पुठ्ठ्याची दोन हाडं वर दिसली पाहिजेत आणि त्यांच्यामध्ये चार बोटं आडवी बसली पाहिजेत. लोक म्हणतील उपाशी ठेवलंय, म्हणू देत. ही जात अशीच दिसते.

सशाचं म्हणशील तर आमच्या तरुणपणी सगळा गाव जायचा. सुगी संपली, रानं मोकळी झाली की पहाटे निघायचं, झुडपं हाणत जायचं. ससा उठला की दोन कुत्री सोडायची. ती वळणं बघायला पाच गावचे पाव्हणे यायचे. खोटं कशाला बोलू, त्या मजेला तोड नव्हती. पण तेव्हा बांधाबांधाला ससं होतं. आता माळ नांगरून डाळिंबं लावली, ससं राहिलं कुठं?

खोकड

वाचतोय. आबा, आठवण सुरेख लिहिलीत, पण धागाकर्त्याने ती आठवण म्हणूनच वाचावी ही विनंती.

मी माळरानावरच्या प्राण्यांच्या मोजणीला जाणारा माणूस, त्यामुळे कायद्याचं सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. ससा त्यात संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये, आणि रानडुक्करही तिथेच. ‘आम्ही मारत नाही, फक्त कुत्रं पळवतो’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. तो टिकत नाही. कलम २(१६) मधली शिकारीची व्याख्या वाचा. नुसतं मारणं नाही. पकडणं, कुत्र्यांकरवी पाठलाग करणं, हाका घालून हुसकणं, सापळा लावणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारच. म्हणजे ससा सुखरूप बिळात... बरोबर, आपला ससा बिळात राहत नाही, झुडपात राहतो... तर झुडपात पळून गेला तरी गुन्हा झालेलाच असतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अनुसूची १ मधला प्राणी असेल, उदाहरणार्थ काळवीट, तर किमान तीन वर्षं, कमाल सात. आजकाल पोरं स्वतःच व्हिडिओ टाकतात, वनखात्याला फार शोधावंही लागत नाही.

माणदेशी_वाडा

@खोकड, हे माहीत नव्हतं. पण एक शंका. मी सोडलं नाही, ती आपली आपण रानात गेली आणि सशामागं लागली, तर?

खोकड

तुम्ही सोडलं की ती सुटली, हे सिद्ध करत बसायची वेळ का येऊ द्यायची? कुत्रं तुमच्या नजरेआड आणि हाकेबाहेर रानात फिरणारच नाही एवढी व्यवस्था तुमच्या हातात आहे. आणि ससा बाजूला ठेवा. सैल सोडलेलं कुत्रं माळावर टिटवीची अंडी खातं, खोकडाच्या बिळात तोंड घालतं, आजार देतं आणि घेतं. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, तो कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणारा आजार आहे. पुण्याच्या आसपासच्या माळावर तर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीत सिद्ध झालं. लांडगे आधीच मोजके उरलेत.

निवृत्त_हवालदार

मी श्वान पथकात होतो. आमची कुत्री वेगळी, डॉबरमन, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड. पण शिकवण्याचं मूळ तेच. म्हणून लिहितो. जरा लांबेल.

कुत्र्याला पळायला शिकवावं लागत नाही, कारवानीला तर नाहीच. शिकवायचं असतं ते थांबायला आणि परत यायला. ज्याचं कुत्रं हाकेसरशी परत येतं त्यालाच ते मोकळं सोडायचा हक्क.

तीन महिन्यांची आहे ना, उत्तम. आजपासून तिचं खाणं वाटीत ओतून निघून जायचं नाही. निम्मं खाणं हातानं, थोडं थोडं, प्रत्येक वेळी नाव घेऊन. शिट्टी वापरणार असाल तर खाणं पुढं करायच्या क्षणी तीच शिट्टी, तोच सूर. ‘ये’ हा शब्द घरातल्या सगळ्यांनी एकसारखा वापरायचा. एक जण ‘ये’, दुसरा ‘इकडं ये गं’, तिसरा ‘हरणीऽऽ’ असं झालं की कुत्र्याचा गोंधळ होतो आणि दोष कुत्र्याला लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं: हाक मारून जवळ बोलावलं आणि मग मारलं, बांधलं किंवा आंघोळ घातली, असं करायचं नाही. तुम्ही शिक्षा करता ती खोडीची, कुत्रं धडा घेतं तो जवळ येण्याचा. मग लोक तक्रार करतात, साहेब हे बोलावल्यावर लांब पळतं. पळणारच!

चार महिन्यांपासून कासरा लावा. बैलाचा जुना सुती कासरा, तीस फुटांच्या आसपास. पण गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका. हे कुत्रं थोड्याच ढांगांत पूर्ण वेग घेतं, दोर संपला की मानेला हिसका बसतो. छातीपट्टा घ्या. आणि कासरा हाताला गुंडाळून धरायचा नाही, तळहाताची साल निघते. जमिनीवर लोळू द्या, गरज पडली तर पाय ठेवा.

आता करडांचं. तुम्ही लिहिलंत की मान ताठ होते. तोच क्षण. कान उभे, मान स्थिर, एखादा पुढचा पाय उचललेला. हे दिसताच हाक मारा, तेव्हा ऐकू जातं. एकदा सुटली की पालथ्या घड्यावर पाणी. नजरेनं शिकार करणारी कुत्री धावताना कान बंद केल्यासारखीच असतात. मान वळवून तुमच्याकडं बघितलं की लगेच बक्षीस, अंड्याचा तुकडा, काहीही. रोज करडांच्या वाड्याबाहेर कासऱ्यावर बसवा, पाच-दहा मिनिटं. कंटाळा येईपर्यंत करडं बघू द्या. करडू ही कंटाळवाणी गोष्ट आहे असं तिला वाटलं म्हणजे अर्धी लढाई जिंकलात.

गुळपोळी

हवालदारसाहेब, दंडवत! वेगळा धागा काढा ना श्वान पथकावर.

अवांतर: माझ्या नवऱ्याच्या डोक्यात कारवानी शिरलंय. आम्ही पुण्यात, चौथ्या मजल्यावर. जमेल का? मुधोळजवळ थिम्मापूरला सरकारी केंद्र आहे, तिथून पिल्लू मिळतं असं कळलं.

निवृत्त_हवालदार

मिळतं, आणि खात्रीचं मिळतं. ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये देशी जातींचा उल्लेख झाला, मुधोळचंही नाव आलं, तेव्हापासून असे प्रश्न फार येतात. (त्याच भाषणात आमच्या बीड पोलिसांच्या रॉकीचंही नाव होतं, ३०० हून जास्त गुन्ह्यांच्या तपासात मदत केलेला कुत्रा. छाती फुगली होती.)

चौथ्या मजल्याचं खरं उत्तर मजल्यावर नाही, पहाटेवर आहे. ही कुत्री घरात आश्चर्य वाटेल इतकी शांत असतात, सोफ्यावर पसरून झोपतात. पण रोज पहाटे, पावसातसुद्धा, कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत तिला पूर्ण वेगानं पळायला मिळणार असेल तरच आणा. पट्टा लावून सोसायटीला फेऱ्या मारणं हे तिच्यासाठी पळणं नव्हे. आणि यजमान उठणार की तुम्ही, हे आधी लिहून घ्या.

गुळपोळी

लिहून घेतलं. यजमान म्हणाले, मांजर बघू.

शर्यतवाला_कागल

पळवायचं कसं याचं उत्तर राहिलंच की. ससा कशाला पाहिजे? आमच्याकडं शर्यतीच्या सरावाला दोरीवर चिंधी ओढतात. घरच्या घरी करायचं तर जुनी सायकल उलटी करा, मागच्या चाकाचा टायर काढून टाका, मोकळ्या रिमवर नायलॉनची दोरी गुंडाळत जायचं. दोरीच्या टोकाला गोणपाटाचा तुकडा नाहीतर पांढरी प्लास्टिकची पिशवी. एकानं टोक लांब नेऊन ठेवायचं, दुसऱ्यानं पायडल हातानं फिरवायचं. पिशवी जमिनीवरून थरथरत निघाली की कारवानी तिच्यामागं असा जातो की बघत राहावं. शेवटी पिशवी पकडू द्यायची, नाहीतर पुढच्या वेळी निम्म्यातून सोडून देतो.

जागा नीट बघा. ज्वारी काढलेल्या रानात मुळीच नाही. धसकटं टोकदार असतात, पळता पळता पोटात घुसतात, पंजे फाटतात. ओढ्याकाठची वाळू किंवा चराऊ माळ बरा. दोरी सरळ रेषेत ओढा. वळवायला गेलात आणि पायात दोरी आली तर कातडी चिरते. आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-तीन धावा, बास. दमवून पाडायचं नसतं.

खोकड

@शर्यतवाला, पद्धत छान. पण काही ठिकाणच्या शर्यतींत जिवंत ससा लावतात त्याचं काय?

शर्यतवाला_कागल

सगळ्यांना एका माळेत ओवू नका राव. आम्ही चिंधीवाले. तसलं करणारे आहेत, नाही म्हणत नाही, आणि त्यांच्यामुळं आमच्या जत्रेच्या शर्यतीला पण परवानगी मिळताना नाकी नऊ येतात.

खोकड

तेच म्हणायचं होतं. ससा पाळीव पांढरा असला तरी सुटका नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११: करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून पुढं करणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात धागाकर्त्याच्या कामाचंही एक वाक्य आहे. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं, हाही मालकाचा गुन्हा. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी कुत्र्याचा एवढा विचार करून ठेवलाय आणि आपण साखळी घालून मोकळे होतो.

आबा_सांगोलेकर

पिशवीमागं पळणारं कारवानी! काय दिवस आले. पण नातवाला दाखवलं, तो सायकल उलटी करून बसलाय.

सुईवाला

मी पशुवैद्य, पंढरपूर भागात. धागा उशिरा पाहिला. बाकीच्यांनी छान लिहिलंय, माझ्याकडून राहिलेलं.

आधी लसी. डिस्टेंपर-पार्व्होची मालिका सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते, तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. तीन महिन्यांवर रेबीज, पुढं दरवर्षी. हरणीला काहीच दिलेलं नसेल तर आज द्या, उद्या नको. वाड्यावरच्या गावठी कुत्र्यांनाही. ते ‘त्यांना काही होत नाही’ वगैरे ऐकू नका. रेबीज गावठी-कारवानी बघत नाही, आणि वाड्यावर लहान पोरं असतात.

खाणं. दूध-भाकरीवर कुत्रं जगतं, घडत नाही. भाकरी चालेल, पण सोबत अंडी, शिजवलेलं मांस, निदान खिमा-कलेजी हवी. मेंढराचे कच्चे अवयव अजिबात नकोत. त्यातल्या गाठींमधून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी होतात, कुत्र्याच्या विष्ठेतून त्यांची अंडी माणसापर्यंत येतात आणि माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. वाड्यावर मेंढरू कापलं की टाकाऊ भाग कुत्र्यापुढं टाकायची पद्धत आहे, ती बंद करा आणि जंताचं औषध वेळेवर द्या.

व्यायाम. हाडांची टोकं जुळायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं. तोवर स्वतःहून खेळेल तेवढं खेळू द्या, पण मोटारसायकलमागं पळवणं, सायकल-चिंधीच्या जोरदार धावा नकोत. सहा महिन्यांत सशावर सोडा म्हणणारे लोक नंतर लंगडं कुत्रं माझ्याकडं आणतात.

उन्हाळ्यात सूर्य वर आला की पळवणं बंद. जीभ लांब बाहेर, लाळ चिकट, चाल झोकांडी, म्हणजे उष्माघात. सावलीत न्या, अंगभर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तसंच ओलं घेऊन दवाखाना गाठा.

आणि रोज संध्याकाळी पंजे. बोटांच्या मधली कातडी ताणून बघायची. सराटा दिसतो तरी; कुसळ दिसत नाही. ते बाणासारखं एकाच दिशेला आत सरकतं. वर फक्त वाटाण्याएवढी सूज आणि कुत्रं ती जागा चाटत राहतं. पावसाळा संपता संपता कुसळी गवत पिकतं, तेव्हा कानही बघा. एकाच बाजूला मान तिरकी करून झटकत असेल तर आत कुसळ आहे असंच धरून चाला. गोचीड कानाच्या पाळीत आणि बोटांत लपतात. त्यांचा ताप कारवानीला लवकर खंगवतो, कारण आधीच अंगावर चरबी नसते.

चरबीवरून आठवलं. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. काही जुनी भुलीची इंजेक्शनं, थायोपेंटोनसारखी, या बारीक अंगाच्या कुत्र्यांच्या शरीरातून फार हळू उतरतात. सुरक्षित पर्याय आहेत.

रानवाट

सगळे प्रतिसाद वाचले, धागा वाचनखुणेत साठवला. आमच्या मक्यात रानडुकरं घुसतात. त्यांच्यावर कारवानी सोडून चालतं का? ते तर नुकसान करणारं जनावर.

सुईवाला

कायद्याचं खोकड सांगतील, मी टेबलावरचं सांगतो. सुळ्याचा घाव बाहेरून दोन बोटांचा दिसतो आणि आत पोटापर्यंत कातडी मांसापासून सुटलेली असते. कारवानीची कातडी पातळ, खाली चरबीची गादी नाही. टाके घालताना कागद शिवल्यासारखं वाटतं. निम्मी वाचत नाहीत. डुकरावर हे कुत्रं सोडणं म्हणजे कुत्रं फेकून देणं.

खोकड

आणि कायद्यानं नुकसान करणाऱ्या डुकराबद्दलही परवानगी वनखात्याच्या अधिकाऱ्याकडूनच घ्यावी लागते, ती कुत्री सोडायची परवानगी नसते. पीक नुकसानीचा अर्ज करा, पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते.

माणदेशी_वाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पहिली लस झाली, गावठींना पण टोचून घेतलं (एकानं कंपाउंडरचा हात धरला, पण तो सावध होता). कासरा सुरू केलाय. करडांसमोर बसायचं काम आईनं घेतलंय. ती भाजी निवडत बसते आणि हरणी शेजारी. काल करडानं तिच्या अंगावर उडी मारली तेव्हा तिनं आईकडं बघितलं!

एक राहिलं. मोठी झाल्यावर हिला वाड्यावर पाठवू का राखणीला? भाऊ म्हणतोय लांडग्यामागं हीच पोहोचेल.

निवृत्त_हवालदार

पोहोचेल, आणि तीच अडचण. राखणीचं कुत्रं पोहोचायला नको, थांबायला हवं. तुमची गावठी भुंकतात, वाघरीभोवती (मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती) फिरतात, मेंढरं सोडत नाहीत. कारवानी एका लांडग्यामागं दोन शेतं पलीकडं जाणार आणि दुसरा लांडगा मागून कोकरू नेणार. शिवाय अनोळखी मुलखात रस्ते, मोटारी. प्रत्येकाला आपापलं काम. बिबट्याचा भाग असेल तर गावठींच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला. बिबट्या नरडंच धरतो.

हरणीला घरच्या कुंपणात ठेवा, पहाटे पळवा. आणि तिनं कुणाला चावू नये, कुणाच्या मोटारसायकलला आडवी जाऊ नये याची जबाबदारी तुमची. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये जनावराबाबत निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे.

आबा_सांगोलेकर

पोरा, वळण चांगलं लागतंय. रक्त कुठलं आहे ते मावसभावाला विचारून कळव. माझ्या नराची पुढच्या वर्षी भेट घालू, पहिल्या वेतातली दोन पिल्लं माझी.

सुईवाला

आबा, दीड वर्षाच्या आत नाही. २०१७ चे कुत्रा पैदास नियम तेच सांगतात, आणि विक्रीसाठी पैदास करायची तर राज्य मंडळाकडं नोंदणी लागते. पिल्लूही आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडायचं नाही.

आबा_सांगोलेकर

बरं बरं. दीड वर्ष थांबतो. नर माझा आठ वर्षांचा हाय, त्याला तेवढं सांगा.

सुईवाला

त्याला घेऊन या, आधी त्याचं रक्त तपासू. येताना लसीचं कार्ड आणा. नसेल तर नातवाला घेऊन या, सायकलीसकट.